बोटभर पाणी

माहं माहेर नांदगाव खंडेश्वराकडचं. बाप फुलमाळी, घरात झेंडू-शेवंतीचे ढीग, त्या ढिगात लोळतच मी वाढली म्हण. नऊ वर्साची असतानी लगन झालं आन् या गावात आली, बार्शीटाकळीच्या अलीकडे दोन कोस. बंडीत दोन दिवस लागले. रडत रडत निजली, जागी झाली तं सासर. सासरी बी माळीच, पण भाजीपाल्याचे. वांगी, मुळा, सांबार, तेच तू शिकाले गेला त्या मुंबईतली कोथिंबीर, आन् बांधावर देवापुरती फुलं. सोना नाव माहं. तवा सोनी म्हणत, आता पोट्टे सोनाबुढी म्हणतात. तुले जे बरं वाटते ते लिही.

तू इचारलं इथल्या किरिस्तावांच्या मंडळीचं आन् मी माहेरात जाऊन बसली. पण काय सांगू तुले, ते गावातलं किरिस्तावांचं देऊळ नंतर झालं, मंडळी आधी आमच्या हौदात झाली, म्हणून मले हौदापासून सांगावं लागते. मळ्यात माह्या सासऱ्यानं बांधलेला चुन्याचा हौद होता. मोट उपसली की पाणी त्या हौदात पडे, तठून पाटानं वाफ्यात जाय. पुरुषाच्या छातीइतका खोल. उन्हाळ्यात नदीत नुसती रेती उरे, पण हौद भरलेला. साऱ्या शिवारात तेवढंच उभं पाणी, म्हशीही तिकडेच पाहत उभ्या रायत.

याकोब मास्तर आला जालन्याकडून, पायी. महारवाड्यात उतरला, निंबाखाली लेकरं शिकवू लागला. तो मूळचा महारच, पण कोट घाले, तं गावातले लोक हसत, म्हणत पाहा, कोटाले पाय फुटले. मी उरलीसुरली भाजी महारवाड्यात विकाले जाय, वरून टाकायची आन् वरूनच दाणे घ्यायचे, तशी रीत होती तवा. मास्तर बोलत राहे, मी टोपली डोक्यावर घेऊन ऐकत उभी राहो. माहे दोन लेकरं गेले होते बाबू. एक चार महिन्याचं, एक चालाले लागलं होतं. आमच्याकडे कोणी म्हणे मागच्या जन्माचं, कोणी म्हणे सटवीनं तसंच लिहिलं. मास्तर म्हणे, बाई, ते हरवले नाईत. ते त्याच्याजवळ हायेत, आन् तुले भेटतीन. मी इचारलं, नक्की भेटतीन? तो म्हणे, नक्की. लेकराले बाप्तिस्मा लागत नाई, ते तसेच जातात. मोठ्याले तेवढा लागते. बस, हेच ऐकलं मी. बाकी धर्म मले मागाहून समजला, काही अजून समजला नाई.

मंग थंडीत अकोल्याहून गोरा साहेब आला घोड्यावर. महारवाड्यातले सहा जण तयार होते. पण ह्या साहेबाचा पंथ असा, की डोक्यावर पाणी शिंपडून चालत नाई. आख्खा माणूस पाण्यात पुरायचा, केस सुद्धा वर नको, आन् मंग वर काढायचा. जुना माणूस मेला, नवा निघाला. साहेब म्हणे, पाणी कुठी हाये? नदीत घोट्याभर. गावची विहीर त्याइले शिवू देत नसत, बुडवायचं तं लांबच रायलं. मी म्हटलं, आमचा हौद हाये.

म्हणून तं बसली, पण हौद काय माह्या बापाचा होता? घरी येऊन सांगितलं. घरचे, म्हणजे माहे मालक, तीन दिवस बोलले नाईत. फार बोलणारा माणूस नव्हताच, मोटेवर बैलाशी बोले तेवढंच. तिसऱ्या दिवशी जेवतानी म्हणे, अन् त्या पाण्यानं वांगी किरिस्ताव झाली तं मंग? मी हसली. ते हसले तवाच मी समजली की हो म्हणाले.

सात जण बुडालो त्या दिवशी, सातवी मी. पौषाचं पाणी, सुरीसारखं. ठकूबाई नावाची महारवाड्यातली बुढी, तिनं जन्मात घोट्याच्या वर पाणी पाह्यलं नव्हतं, तिले साहेबानं मागं झोपवलं तं तिनं त्याची दाढीच धरली. सोडेना. साहेब बी तिच्यासंगं खाली गेला. वर आल्यावर म्हणते, मी एकटी नाई जात बाप्पा. सारे हसले, साहेब बी. घरचे मोट रिती होते त्या थारोळ्यावर बसून पाहत होते. मी म्हटलं, तुमी बी या. ते म्हणे, येईन, घाई काय हाये.

दुसऱ्या दिवशी मंदिरातून फुलाची परडी परत आली. बार्शीटाकळीच्या बाजारात मी दिवस मावळेपर्यंत बसली, एका बाईनं वांग्याले हात लावला नाई. एक जण तं वांगं पाहून म्हणे, हे कोणत्या पाण्याचं? तिले कोणी सांगितलं देव जाणे. भासऱ्यानं, माह्या मोठ्या दिरानं, चूल वेगळी केली. आठ दिवस आमी मुळे बैलाइले खाऊ घातले, मंग बैल बी तोंड फिरवू लागले. मले घरच्याइनं एक शब्द बोलला नाई. बोलले असते तं बरं झालं असतं.

आन् त्याच साली ते कापसाचं सुरू झालं. साता समुद्रापार कुठी लढाई लागली म्हणे, तिकडचा कापूस बंद झाला, आन् इकडे वऱ्हाडात लोक येडे झाले. अकोल्याचे दलाल वावरावर येऊन उभे रायत, बोंड फुटलं नाई तं भाव बोलत. शेतकऱ्याइच्या बैलाच्या शिंगाले चांदी, बंडीच्या चाकाले पितळ, असं. आन् कापूस कोणी पिकवला, कोणत्या पाण्यावर, कोणाच्या हातानं वेचला, हे कोणी इचारत नसे. घरच्याइले ते पटलं. भाजी कोणी घेत नाई, कापूस सारे घेतात. त्याइनं वाफे मोडले, पाट मोडले, साऱ्या मळ्यात पऱ्हाटी लावली. कापसाले मोटेचं पाणी लागत नाई. मोट खुंटीवर टांगली, बैल बंडीले गेले. मी म्हटलं, हौद तं भरत जा, चुना सुकला की चिरतो. ते म्हणे, हौद भराले बैल थांबवू का मी?

खरं सांगू, मले बी फार वाईट नाई वाटलं. मंडळीले हौदाची तेवढी नड रायली नव्हती. नंतरचे चार जण पावसाळ्यात नदीतच बुडाले, अकरा झालो आमी. घरात ज्वारी होती, अंगावर लुगडं होतं. देऊळ बी त्याच दिवसात बांधलं, मातीच्या भिंती, वर कवेलू, तुमची कौलं. घरच्याइनं त्याले दगड वाह्यले आपल्या बंडीनं, आठ दिवस. ऐतवारी प्रभूच्या नावानं भाकर मोडायची येळ आली की ते उठून पायरीवर जाऊन बसत, कारण ज्यानं बाप्तिस्मा घेतला नाई त्याले ती भाकर चालत नाई. मी आत, ते बाहेर. मी भाकर तोंडात घालतानी त्याइचं पागोटं दिसे मले दारातून.

साहेब घरच्याइले म्हणे, किसन, ऐतवारी वेचणी बंद कर, मी तुले आजच बुडवतो. ते म्हणत, हा हंगाम जाऊ द्या साहेब, वेचणारीन बाया ऐतवारचं ऐकत नाईत. असे तीन दसरे गेले. मी दर दसऱ्याले म्हणो, आन् ते दर दसऱ्याले म्हणत, घाई काय हाये.

चौथ्या साली फागुनात अकोल्याहून बंडी आली ती गडीच हाकत आला. घरचे मागं कापसाच्या रिकाम्या पोत्यावर निजलेले. अकोल्याच्या बाजारात तवा हजारो बंड्या, माणसं उघड्यावर, एकाच नाल्याचं पाणी पीत, तठी पटकी लागली होती. रस्त्यानं दहा येळा उतरले म्हणे, मंग उतरताच आलं नाई. डोळे आत गेले होते, बोटाची कातडी धोब्याच्या बोटासारखी. मले पाह्यलं आन् म्हणे, मास्तरले बोलाव. मले लागते ते करून टाक.

मास्तर आला धावत. साहेब अकोल्याले, निरोप जाऊन येईपर्यंत माणूस राहते का? नदीत डबकी, तीबी हिरवी. मास्तर म्हणे, हौद. मी म्हटलं, मास्तर, हौदात पालापाचोळा हाये. चारी बाजूनं चिरला होता बाबू, बोट जाईन अशा चिरा. मोटेचं कातडं सुकून पापड झालेलं. मंग ठकूबाईनं महारवाड्यातल्या साऱ्या बायाइले हाक मारली, ज्या किरिस्ताव नव्हत्या त्याइले बी. मळ्यातल्या विहिरीवर रांग लागली. पोहऱ्यानं शेंदायचं, घागर भरायची, हौदात ओतायची. ओतलं की सूं करून जाय. ठकूबाई म्हणे, चिरा बुजवा. कशानं बुजवाव? घरात कापूसच होता, आढ्यापर्यंत. पोती फोडली. कापूस आन् शेण-माती कालवून बायाइनं चिरात कोंबली, दोन्ही हातानं. कापसानं पाणी पेलं आन् फुगला, वाटलं आता राहीन. मंग तो बी गळू लागला. घरचे बाजेवरून पाहत होते. त्याइले दिसत होतं सारं. किती घागरी ओतल्या, भर उन्हात, बायाइच्या डोक्यावरचे पदर सुकत नव्हते. तळाशी बोटभर पाणी उभं रायलं, त्याच्या वर चढेना.

घरचे म्हणे, सोने, पुरे. एवढ्यात होत असन तं करा.

त्याइनं माहं नाव घेतलं चारचौघात. कधी घेतलं नव्हतं.

मास्तर घुटमळला. मंग म्हणे, देवाले दिसते आपण काय करून रायलो ते. चौघाइनं उचलून त्याइले हौदाच्या तळाशी निजवलं, त्या बोटभर पाण्यात. बायाइनं घागरी मास्तरच्या हाती दिल्या, मी बी दिल्या, डोक्यापासून पायापर्यंत ओतत गेला, बापाच्या नावानं, पुत्राच्या नावानं, पवित्र आत्म्याच्या नावानं. सारं अंग भिजलं. पण नाक वरच होतं. मी डोक्याशी बसली होती, मी पाहत होती. घरचे हसले जरासे. म्हणे, आता पायरीवर बसाची गरज नाई ना? दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर गेले. देवळाच्या मागं पुरलं, जठी मंडळीतले आणखी दोघं तिघं होते. मी रडली, पण मनात कुठीतरी बरं वाटे. मले वाटलं, झालं. आता तिघंबी भेटतीन.

महिन्यानं साहेब आला. मास्तरनं सारं खरं सांगितलं, त्याले खोटं येतच नव्हतं. साहेबाचं तोंड उतरलं. तो वाईट माणूस नव्हता, पटकीच्या दिवसात अकोल्यात घरोघर औषध घेऊन फिरला तो. पण म्हणे, हा बाप्तिस्मा नाई. ओतणं वेगळं, पुरणं वेगळं. आज एकाले सूट दिली तं उद्या नियम उरत नाई. मास्तर म्हणे, साहेब, पाणीच नव्हतं. साहेब म्हणे, ठीक हाये, मी एकटा ठरवत नाई. ह्या मंडळीत मंडळीच ठरवते, हात वर करून.

ते आमच्यात हाये बाबू. पाद्री ठरवत नाई, पाटील ठरवत नाई, बुडालेले सारे बसतात आन् हात वर करतात, बाई असो का बुवा. महारवाड्यातल्या लोकाइचा हात जन्मात कोणी मोजला नव्हता, म्हणून त्याइले त्याचा लय मान. अकरातले तिघं त्याच पटकीत गेले. मास्तर धरून नऊ जण बसलो.

ठकूबाई आधी उठली. म्हणे, आमी पौषात कुडकुडत बुडालो. गावानं आमचं पाणी तोडलं, सरपण तोडलं. आन् हा माळी तीन वर्सं कापूस वेचत रायला आन् हौदात निजून पार झाला? माळ्याले सूट हाये काय देवाकडे बी? खरंच होतं ते. माह्या बी मनात एक राग होता, तुले सांगतो, हौद चिरू दिला त्याचा. तीन दसरे मी म्हणत होती.

मंग साहेबानं माह्याकडे पाह्यलं. म्हणे, बाई, तू डोक्याशी होती. देवासमोर सांग, किसन माळी पाण्याखाली गेला होता? ज्याइले वाटते गेला होता, त्याइनं हात वर करा.

मास्तरनं केला. आणखी तिघाइनं केला. चार झाले. चार हात खाली. मी रायली. सारे माह्याकडे पाहत. मी काय केलं माहीत हाये? मी ते डोळ्यासमोर आणलं. बोटभर पाणी, आन् नाक वर. देवाच्या घरात खोटं कसं बोलू? खोटा हात वर केला तं तो हातच त्याइच्या आड येईन, असं मले वाटलं. मले वाटलं, साहेब मले साक्ष मागून रायला. मी नवीन धर्मात हेच शिकली होती ना, की खोटं बोलायचं नाई. माहा हात मांडीवरच रायला.

साहेब म्हणे, चार आन् पाच.

बाहेर आल्यावर ठकूबाईनं माहे दोन्ही खांदे धरले, हलवलं मले. म्हणे, अगं माय, मले वाटलं तू उचलशीलच! मी तं नुसतं बोलून घेतलं, हात खाली ठेवला. एकदा बोलायचं होतं मले. तू उचललं असतं तं पाच झाले असते आन् गोष्ट मिटली असती. तो साक्ष नव्हता मागत, सोने, तो तुले वाट देत होता. ती रडे, मी रडत नव्हती. मले अजून समजलंच नव्हतं काय झालं ते.

उन्हाळ्यात देवळामागच्या मसणवटीले दगडाची भिंत घातली. बुडालेले आत. घरचे बाहेर रायले, हातभर अंतरानं. त्या भिंतीले मातीचा गारा मी वाह्यला. नाई कशी म्हणू, मंडळीचं काम होतं, आन् मी मंडळीतली होती.

पुढं काय, पुढं काही नाई. लढाई संपली, भाव बसला, दलाल दिसेनासे झाले. शिंगाची चांदी उतरली. महारवाड्यातली तरणी माणसं अकोल्याले गेली, आधी रेल्वेच्या मातीवर, मंग कापूस दाबायच्या कारखान्यात. साहेब आपल्या देशात गेला, म्हणे पोटाचं दुखणं होतं. मास्तरले दुसरीकडे पाठवलं, जातानी तो माह्या पाया पडला, मी म्हटलं असं करू नका. ठकूबाई गेली, तिले आत पुरलं. मळा भासऱ्याच्या लेकाइकडे गेला, त्याइनं हौदाचे दगड काढून गोठा बांधला. देवळाचे कवेलू लोकाइनं नेले, दोन पावसात भिंती बसल्या. दगडाची भिंत तेवढी चांगली बांधली होती आमी, ती उभी हाये. ऐतवारी मी तठी जाऊन बसतो. प्रार्थना करतो म्हणतो, पण खरं तं नुसती बसतो. आत बसली तं त्याइच्याकडे पाठ होते, बाहेर बसली तं वाटते मंडळीकडे पाठ झाली.

औंदा हिवाळ्यात नवा साहेब आला, पोरगाच हाये, तुह्याएवढा. ओट्यावर बसला, ताक पेला. मी त्याले हे सारं सांगितलं, जसं तुले सांगून रायली. तो म्हणे, बाई, मरणाऱ्या माणसाले कोण नाकारीन? देव मन पाहते. एवढ्या घागरी ओतल्या, तो बाप्तिस्माच झाला. मी असतो तं तवाच मानला असता. आन् प्रेमानं माह्या हातावर हात ठेवला.

बाबू, त्याले वाटलं मले बरं वाटीन. मी त्याले म्हटलं, साहेब, आता नका सांगू. नियम खरा होता तं मी खरं बोलली, एवढं तरी होतं माह्याजवळ. नियमच तसा नव्हता, तं मंग मी काय केलं? त्यानं माह्या हातावरचा हात काढून घेतला. चांगला पोरगा हाये.

मी म्हटलं, मंग एक करा, मले बाहेर पुरा, त्याइच्या बाजूले. त्यानं कागद काढले, पाहत रायला लय येळ. म्हणे, बाई, एका माणसाची मंडळी राहत नाई, म्हणून तुमचं नाव मागंच अकोल्याच्या मंडळीत घातलं हाये. तिथली मसणवट चांगली हाये, झाडं हायेत. तुमच्यासाठी बंडी पाठवू. मी म्हटलं, इथंच टाका ना. तो म्हणे, इथं कोण हाये करणारं? खरंच कोणी नाई. भासऱ्याच्या लेकाले इचारलं तं तो म्हणे, काकू, आमी जाळतो, पुरत नाई, आन् तुले जाळलं तं तुह्ये लोक भांडाले येतीन. माहे लोक! कोण येते भांडाले.

तं मी हो म्हटलं साहेबाले. बरं हाये म्हटलं, पाठवा बंडी. ते इथं भिंतीबाहेर, मी अकोल्याच्या झाडाखाली, आन् लेकरं नदीकाठी पुरली होती ती जागा पुरात गेली. भेटतीन का नाई, हे मी आता कोणाले इचारत नाई.

तू जाय आता, उन्हं चढतीन. ही दोन वांगी घेऊन जा, परसातली हायेत, तुह्या मायले दे. शीक बाप्पा, घरात पयला शिकून रायला तू, खूप शीक, देव तुले सुखी ठेवो. फक्त एक कर. कोणी मोठा माणूस साऱ्याइसमोर तुले काही इचारीन, तं पटकन खरं-खोटं करू नको. आधी त्याच्या तोंडाकडे पाह्य, तो काहून इचारून रायला ते. मी खाली मान घालून बसली होती.